पंगतीतलं रिकामं पान

“ज्याच्या पोटात गोळी, त्याची रिकामी झोळी.”

भोंग्यावरून हे ऐकू आलं तेव्हा आमची जीप अजून बांधावरच होती. पियूला ते इतकं आवडलं की तिनं लगेच पाठ करून टाकलं आणि पुढच्या वळणापर्यंत म्हणत राहिली. मी तिला गप्प बसवलं. माझा नवरा, संघपाल, खिडकीबाहेर बघत होता.

वळण संपलं आणि माळ दिसला. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, रिक्षा, पिकअप, लग्नात असतात तसल्या लाल खुर्च्या. डाळिंबाच्या झाडांवर घालतात ते पांढरं कापड बांबूंवर ताणून सावली केलेली. सावलीत बायका, बायकांच्या मांडीवर पोरं आणि जिच्यातिच्या हातात नारळ. पलीकडं मेंढरं निवांत चरत होती. त्यांना कुणी काही सांगितलेलं नसावं.

आणि या सगळ्याच्या मधोमध ते दगड. काळे, काही गुडघ्याएवढे, काही कमरेएवढे, जरासे आत कललेले, गोल बसलेले. गावाकडची माणसं त्याला ‘पांडवांची पंगत’ म्हणतात. पंगतीत एका ठिकाणी दगड नाही, नुसती जागा आहे. त्या जागेला ‘रिकामं पान’ म्हणतात. तिथं एक म्हातारी बसली होती आणि अख्खा माळ श्वास धरून तिच्याकडं बघत होता.

संघपालनं मला हे असं सांगितलं नव्हतं. तो म्हणाला होता, “सांगोल्याकडं एका माळावर दगडांचं वर्तुळ आहे, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीचं. वेणीमाधवच्या बागेजवळ. रविवारी जाऊन येऊ, तुला असलं आवडतं की.” आवडतंच. असली वर्तुळं म्हणजे जुन्या काळच्या माणसांनी आपल्या मेलेल्यांना पुरून, त्यांची आठवण म्हणून दगड लावलेली जागा, एवढं मी वाचलं होतं. मी दशम्या केल्या, शेंगाचटणी घेतली, पियूची टोपी घेतली. तिथं कुणी नसेल, वारा असेल, आपण तिघं दगडांच्या सावलीला बसून जेवू, असं माझ्या डोक्यात होतं.

“एवढी गर्दी?” मी विचारलं.

“रविवारची असतेच, वहिनी,” वेणीमाधव म्हणाले आणि एकदम गप्प झाले. हे संघपालचे ऑफिसातले मित्र, जीप त्यांचीच.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. संघपालचा चेहराही चकित झालेला नव्हता. मी लॅबमध्ये दिवसभर लोकांचे हात धरून रक्त काढते. सुईला कोण घाबरलंय ते चेहऱ्याआधी हात सांगतो. उतरताना मी संघपालचा हात धरला. तो ओला होता.

पियू म्हणजे आमची बुद्धप्रिया. पहिलीत आहे. तिला फिट येतात. पहिली फिट आली तेव्हा मी तिला अंघोळ घालत होते. ते मी इथं लिहीत नाही. पुढं निदान झालं, औषध सुरू झालं. गोड, गुलाबी, सकाळी एक माप, रात्री एक माप. औषधानं फिट थांबल्या. रात्रीचं मी देते. सकाळी उजाडायच्या आत मला लॅबला निघावं लागतं, उपाशीपोटी रक्त द्यायला माणसं दारात उभी असतात. म्हणून सकाळचं माप संघपालकडं. रोज रात्री मी बाटली दिव्यासमोर धरून बघायची. बरोबर उतरत असायची.

*

“मी बाबा न्हाय, बुवा न्हाय. मला हार घालू नका,” भोंगा सांगत होता.

बोलणारा माणूस रिंगणाच्या मधे उभा होता. भगवं नाही, दाढी नाही; इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात अडकवलेला माइक. नाव नागनाथआप्पा. मूळचा पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातनं चालायचं, जिथं नारळ आपोआप उभा राहील तिथं बोअर मारायची, हा पाणाड्याचा धंदा. आमच्या जिल्ह्यात शिकलेला माणूससुद्धा आधी पाणाड्याला बोलावतो आणि मग मशीनवाल्याला.

“ह्या माळावरनं चाललो हुतो. हातात नारळ. हितं आलो आन नारळ ताठ उभा. मला वाटलं पाणी. पर पाण्याला नारळ असा उभा राहत न्हाय हो, पाण्याला नारळ लाजत उभा राहतो. हितं कसा? पैलवानासारका. मंग मला उमगलं. ह्ये पाणी न्हवं. ही शक्ती हाय.”

गर्दीतनं हात जोडले गेले.

“हे दगड म्हंजी पांडवांनी उभं केल्यालं टावर. मोबाईलची रेंज डोळ्याला दिसती का?”

“न्हाय,” गर्दी म्हणाली.

“पर हाय का न्हाय?”

“हाय.”

मी माझा मोबाईल बघितला. एक काडी नव्हती. त्या माळावर फक्त पांडवांचीच रेंज होती.

“आन औषिद म्हंजी काय? जॅमर. आत जॅमर चालू ठिवायचा आन भायेर म्हनायचं, आप्पा, रेंज न्हाय. कशी यील?” तो हसला, लोक हसले. “मी कुनाला औषिद सोडा म्हनत न्हाय. मी कोन सांगनार? नारळ सांगंल. आन नारळ माज्या हातात न्हाय. तुमच्याच घरच्या मानसाच्या हातात.”

रिकाम्या पानावर बसलेल्या म्हातारीचं नाव बसम्मा. अक्कलकोटकडची, तिला शुगर. तिची सून समोर हात पसरून उभी होती, हातावर नारळ आडवा, शेंडी बोटांकडं. आप्पा काही पुटपुटला. सुनेचे डोळे सासूवर खिळलेले. नारळ थरथरला, हलकेच वळला आणि शेंडी वर करून उभा राहिला.

“हौदु, व्हय,” बसम्मा कानडी-मराठीत म्हणाली, “उभा राहिला की गं.” आणि तिनं कनवटीचं गोळ्यांचं पाकीट काढून शेजारच्या टोपलीत टाकलं.

मी त्या टोपलीत बघितलं. माझ्या डोळ्यांना औषधं चटकन ओळखू येतात. रक्तदाबाच्या गोळ्या. दम्याचा पंप. इन्शुलिनचं पेन, अर्धं भरलेलं. एक लहान मुलांचं सिरप. एखाद्या वॉर्डातली ट्रॉली कुणी देवळात नेऊन ओतावी तशी ती टोपली.

“चला,” मी संघपालला म्हणाले. “आपण बागेत बसून जेवू.”

“एकदा बघू तर.”

“काय बघायचंय?”

“प्रतिक्षा, ह्यानं वेणीमाधवच्या रानात पाणी काढून दिलंय. भूगर्भवाल्यांनी नाही म्हटलेल्या जागी. काहीतरी असेल की माणसाकडं.”

“अहो, आपल्या लग्नात आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या. दोघांनी. मोठ्यानं.”

पियूचा हात धरून तो चालू लागला, रांगेच्या मागं नाही, सरळ पुढं. आणि रांगेतल्या माणसांनी त्याला वाट दिली, जशी ठरवून बोलावलेल्याला देतात.

*

पियू रिकाम्या पानावर जाऊन बसली आणि तिथनं मला टाटा केला. तिला मजा वाटत होती. संघपालनं हात पसरला. आप्पानं त्यावर नारळ ठेवला. मी दोन दगडांच्या मधे उभी होते, एक पाय आत, एक बाहेर. पियूला उचलावं की थांबावं, हे मला कळत नव्हतं. इतक्या माणसांसमोर नवऱ्याच्या हातातनं लेकरू ओढून घ्यायचं म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना मी सांगायला नको.

नारळ वळला. उभा राहिला. संघपालच्या डोळ्यांत पाणी आलं.

“बघा,” आप्पा हळू म्हणाला; माइक असलेली माणसं हळू बोलली की जास्त ऐकू येतात. “लई लवकर उभा राहिला. का? कारन ह्या लेकराच्या आतला जॅमर अर्दा बंद झालाय. सकाळचं औषिद हिला न्हाय. अवसेपासनं न्हाय. व्हय का न्हाय?”

“नाही,” मी म्हणाले. “रोज दोन वेळा चालू आहे.”

त्यानं माझ्याकडं प्रेमानं बघितलं. “ताई, रातीचं तुमी देता. सकाळचं कोन देतंय?”

मी संघपालकडं बघितलं.

“आईला ठावं न्हाय, आन ह्यास्नी ठावं,” मागं कुणीतरी म्हणालं. ते वाक्य गर्दीतनं पुढं सरकत गेलं. एका बाईनं वाकून दगडाला हात लावला. तिच्या बाजूनं बघितलं तर याहून मोठा चमत्कार कोणता? जन्मदात्या आईला जे माहीत नाही ते परक्या माणसाला माहीत.

माझ्यासमोर मात्र दोनच गोष्टी होत्या. एक, दगडांना माझ्या घरातलं कळतं. दोन, माझ्या घरातल्या कुणीतरी दगडवाल्याला सांगितलं. आमच्या घरात तीन माणसं राहतात. एक मी. एक त्या रिकाम्या पानावर बसून बुटाची लेस सोडत होती.

“अहो,” मी म्हणाले.

संघपाल नारळाकडं बघत होता.

“आन आता ह्ये इचारा,” आप्पाचा आवाज चढला, “अवसेपासनं एक तरी फिट आली का हिला? औषिद अर्दं बंद, तरी एक तरी? न्हाय. एक बी न्हाय.”

“आली की,” पियू म्हणाली.

माइक तिच्या जवळ होता. तिचा आवाज भोंग्यातनं माळभर गेला. तिला त्याची गंमत वाटली, म्हणून ती आणखी मोठ्यानं बोलली. “मम्मी लॅबला गेली हुती. माझी जीभ चावली. हे बघ.” तिनं जीभ बाहेर काढून आप्पाला दाखवली. “पप्पांनी चादर धुतली. म्हणले, मम्मीला सांगायचं नाही, ती रडती.”

मला ती चादर आठवली. निळ्या फुलांची. कामावरनं आले तर दोरीवर वाळत होती. दूध सांडलं म्हणून धुतली, असं तो म्हणाला होता. मी शेजारच्या येसूबाईंना कौतुकानं सांगितलं होतं, आमचे हे न सांगता चादर धुतात. त्या रात्री पियू वरणभात खाताना तिखट लागतंय म्हणून रडली. मी वरणात साखर घातली.

“पियू,” मी विचारलं, “सकाळचं औषध?”

“ते बेसिनला देतात पप्पा. बेसिनला पण फिट येती.” आणि ती हसली. हा त्या दोघांचा रोजचा खेळ असणार.

म्हणून बाटली बरोबर उतरत होती.

आप्पा धंद्यात मुरलेला माणूस. क्षणभरच अडखळला. “ती फिट न्हवं ताई. जॅमर निघताना शरीर असं झटका देतंय. ते चांगलं लक्षान.”

“मग आत्ता तुम्ही एकही नाही म्हणालात, ते?”

“मी म्हनलं फिट न्हाय. झटका येगळा.”

“तुम्हाला झटक्याचं माहीत होतं?”

“मला समदं माहीत असतंय.”

“मग सांगा, कुठं आला? अंथरुणात, बाथरूममध्ये, का शाळेच्या दारात?”

तो संघपालकडं बघायला लागला. सगळ्यांनी ते बघितलं.

“हे बघा,” मी म्हणाले. “सकाळचं औषध बंद आहे हे यांनी तुम्हाला सांगितलं. ते तुम्हाला ठाऊक. फिट आली हे सांगायची यांना लाज वाटली. ते तुम्हाला ठाऊक नाही. तुमच्या टॉवरला माझ्या नवऱ्याच्या तोंडापुरतीच रेंज आहे.”

मागं कुणीतरी फिसकन हसलं. सगळेच हसले असं नाही. बऱ्याच जणींनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मीच काहीतरी सांडलंय.

“आन नारळ?” आप्पानं आवाज वाढवला. “नारळ बी खोटं बोलतंय? तुमच्याच मालकाच्या हातात उभा राहिला की.”

आणि मग संघपाल पहिल्यांदा बोलला. “प्रतिक्षा, नारळ मी उभा केला नाही. खरंच. आपोआप उठला. मला जाणवलं.”

मला त्याचा राग यायला हवा होता. पण त्याचा चेहरा बघून मला कळलं की तो खोटं बोलत नाही. माझ्याशी तो महिनाभर खोटं वागला होता. नारळाच्या बाबतीत मात्र तो प्रामाणिक होता. हेच मला जास्त लागलं.

“उभा कर परत,” मी म्हणाले. लोकांत मी त्याला अहो-जाहो करते, घरात तू. त्या वेळी तूच आलं तोंडात. “डोळे बांधून.”

“शक्तीची परीक्षा घिऊ न्हाय,” आप्पा म्हणाला.

“घिऊ द्या की हो,” ही बसम्मा. ती टोपलीजवळच उभी होती. “माज्या गोळ्या त्या टोपलीत हायत. मला बी बघू दे.”

*

मी ओढणी काढून संघपालच्या डोळ्यांवर बांधली, दोन फेरे. लग्नात आमच्यात अंतरपाट नव्हता. हे पहिल्यांदाच आमच्या मधे कापड आलं. त्यानं हात पसरला. मी नारळ ठेवला, आडवा, शेंडी बोटांकडं, मघाशी होता अगदी तसा.

“पियू, बस जागेवर,” मी मोठ्यानं म्हणाले. आणि ओठांवर बोट ठेवून तिला उचललं. रिंगणाबाहेर पडले, बायकांच्या मधून गेले, जीपपर्यंत गेले. वेणीमाधवच्या कडेवर तिला दिलं. डबा उघडून तिच्या हातात दशमी दिली, म्हणजे ती गप्प राहील. माळावरचे सगळे डोळे आधी माझ्यामागं आणि मग, मी परत आले तशी, संघपालकडं. आप्पा काही बोलायला गेला तर बसम्मानं हात वर करून त्याला थांबवलं.

संघपाल उभा. समोर रिकामं पान, खरोखरीचं रिकामं.

बराच वेळ काही झालं नाही. वारा आला, पांढरं कापड फडफडलं. मग नारळ थरथरला. वळला. आणि शेंडी वर करून उभा राहिला.

संघपालच्या ओढणीखालच्या तोंडावर हसू आलं. असलं हसू मी पियू जन्मली त्या दिवशी बघितलं होतं. “उभा राहिला,” तो म्हणाला. “बघ प्रतिक्षा. बसलीय ना ती आत? बघ, उभा राहिला.”

कुणीच उत्तर दिलं नाही.

“प्रतिक्षा?”

त्यानं दुसऱ्या हातानं ओढणी वर सारली. समोर दोन दगड आणि मधली मोकळी माती. त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, शेवटी लांब जीपपाशी पियू दिसली, दशमी खात. नारळ त्याच्या हातातनं पडला आणि घरंगळत एका दगडाला जाऊन टेकला.

मला वाटलं होतं, मला जिंकल्यासारखं होईल.

त्यानंतर जे मी बोलले ते मास्तरणीसारखं होतं, पण बोलायला हवंच होतं. नारळ गोल, आत पाणी, आडवा ठेवला की हातावर कसाबसा तोल सांभाळून असतो. हात पसरून उभं राहिलं की खांदा भरतो, बोटं आपल्याही नकळत वर उचलली जातात. बोटं जरा वर आली की नारळाचा बुडखा मनगटाकडच्या खोलगटात सरकतो, आतलं पाणी तिकडं धावतं आणि शेंडी वर येते. हात आपलाच हलतो, पण आपण हलवला असं वाटत नाही. आणि ज्याला नारळ उभा राहायला हवा असतो त्याची बोटं लवकर उचलली जातात. बापाची तर सगळ्यात लवकर. यात नारळाची लबाडी नाही आणि धरणाऱ्याचीही नाही. लबाडी त्याची, ज्याला हे ठाऊक आहे आणि तरी जो तुमच्या गोळ्या टोपलीत टाकायला लावतो.

बसम्माच्या सुनेनं लगेच जाऊन मेंढरांच्या मधे हात पसरला. तिथंही नारळ उभा राहिला.

“मंग मेंढरांत बी पांडव हायत म्हनायचं,” एक धनगर म्हणाला. आता मात्र लोक मोकळेपणानं हसले.

तेवढ्यात वेणीमाधव पियूला घेऊन पुढं आले. रिंगणाच्या मधे हळदीकुंकवानं माखलेला एक चपटा दगड होता. आप्पा त्याला पंगतीची नाभी म्हणायचा आणि आल्यागेल्याला तिथं डोकं टेकायला लावायचा. वेणीमाधव त्या दगडाशी खाली बसले आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी बाजूला सरकवला.

“मम्मी, पाइप,” पियू म्हणाली.

बोअरचा केसिंग पाइप होता, जमिनीलगत कापलेला.

“ही बोअर माझ्या चुलत्यांची,” वेणीमाधव म्हणाले. ते लोकांना सांगत होते, पण बघत जमिनीकडं होते. “जमीन त्यांची आहे ही. जागा आप्पांनीच दाखवली होती. कोरडी गेली. चुलते भांडायला आले तेव्हा आप्पा म्हणाले, पाणी नाही, पण शक्ती आहे. तेव्हापासून हे सुरू झालं.”

“आणि तुमच्या बागेत लागलेलं पाणी?” मी विचारलं.

“ते लागलं, वहिनी. त्याच्या आधीच्या दोन कोरड्या गेल्या. त्याही ह्यांनीच दाखवलेल्या. त्यांच्यावर दगड ठेवून दिले. त्यांचं कुणी बोलत नाही. मी पण नाही बोललो.”

मी पियूला दोन्ही हातांनी कमरेला घट्ट धरलं, कारण मला असली भोकं बघवत नाहीत, आणि तिनं एक खडा पाइपात सोडला. खडा आपटत, आपटत, आपटत खाली गेला. सगळा माळ कान देऊन ऐकत होता. पाण्याचा आवाज आला नाही. वेणीमाधवनी दगड परत पाइपावर नीट बसवला. मी तो हलवून बघितला. मग पुन्हा एकदा हलवून बघितला.

आता सगळ्यांनी आप्पाला जाब विचारला असेल, असं तुम्हाला वाटेल. तसं झालं नाही. काही जण उठले. तीन-चार बायकांनी टोपलीतनं आपापली औषधं शोधून काढली, बसम्मानं आपलं पाकीट काढून पदरानं पुसलं आणि मला विचारलं, “आता चालू करू का गं, यव्वा?” मी म्हणाले, “आधी शुगर तपासा, डॉक्टरांना दाखवा आणि खंड पडल्याचं लपवू नका.” बाकीचे बसून राहिले. आम्ही जीपमध्ये बसत होतो तेव्हा भोंगा पुन्हा सुरू झाला होता: “आईचा इस्वास नसला की लेकराला गुन कसा यील? सगळ्यात मोटा जॅमर म्हंजी शंका.” धंदा असा एका दुपारी मोडत नाही.

*

सांगोल्याच्या रस्त्याला लागल्यावर मोबाईलला रेंज आली. मी पियूच्या डॉक्टरांना, इंद्रायणी मॅडमना, फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही ओरडून काही विचारलं नाही. म्हणाल्या, “राहिलेलं भरून काढायला म्हणून जास्त औषध देऊ नका. आत्ता सरळ इकडं घेऊन या, मी थांबते. वाटेत फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, जवळचा दवाखाना गाठा. आणि प्रतिक्षा, फिट येत नव्हत्या म्हणजे आजार गेला नव्हता. औषध त्याला धरून बसलं होतं. असं अचानक सोडलं की तो दुप्पट जोरानं येऊ शकतो. तुमचं नशीब, एकच आली.”

फोन स्पीकरवर होता. संघपालनं ऐकावं म्हणूनच मी तो ठेवला होता.

फोन ठेवल्यावर तो म्हणाला, “शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, ती वर्गात पेंगते. मला वाटलं, औषधानं होतंय. म्हणून अमावस्येला वेणीमाधवबरोबर आप्पांकडं येऊन गेलो. आयुष्यभर अशीच पेंगत राहणार का ती?”

“मग मॅडमना विचारायचं. माप कमी करता येतं, औषध बदलता येतं. मला सांगायचं.”

“तू घाबरतेस.”

“हो. मी घाबरते. पण मी घाबरते आणि बाटली बघते. तू घाबरलास आणि ती बेसिनमध्ये ओतलीस.”

पियू माझ्या मांडीवर झोपली होती. मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले, सोलापूर येईपर्यंत. प्रत्येक खड्ड्याला ती हलली की माझं काळीज हलायचं. घरातल्या माणसानं फसवलं की असं होतं. मग रस्त्यावरचे खड्डेसुद्धा खोटं बोलल्यासारखे वाटतात.

पियू आता ठीक आहे. औषध बदललं, पेंग कमी झाली. संघपालही वाईट माणूस नाही. तसं असतं तर हे लिहिणं सोपं गेलं असतं. तो शिकलेला आहे, त्याला लेकीची माया आहे, आणि नेमक्या ह्याच दोन गोष्टी आप्पाला लागत होत्या. माया असल्याशिवाय नारळ उभा राहत नाही आणि शिकलेला माणूस असल्याशिवाय रांगेतल्या बाकीच्यांचा विश्वास बसत नाही.

म्हणून हे वाचणाऱ्या आयांना, बापांना माझं एवढंच मागणं आहे. कुणी तुमच्या घरातलं गुपित ओळखून दाखवलं तर हात जोडू नका. कुणी सांगितलं ते शोधा. कुणी हातात चमत्कार दिला तर डोळे बांधून परत मागा. लागलेल्या पाण्याची गोष्ट कुणी सांगितली तर कोरड्या गेलेल्या बोअरी कुठं आहेत ते विचारा. त्यांच्यावर दगड ठेवलेले असतात, पण त्या दगडांचं रिंगण कुणी मांडत नाही. आणि औषधाबद्दल शंका असेल तर ती डॉक्टरांच्या समोर काढा, बेसिनपाशी नको.

त्या माळावरच्या दगडांचा मला राग नाही. ज्यांनी ते वाहून आणले, त्यांचंही कुणीतरी तापानं, झटक्यानं, कशानं तरी गेलं असेल. कदाचित एखादं लेकरूच. त्यांच्यापाशी दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यांनी दगड लावले. त्यांच्यातल्या एखादीला कुणी ही गुलाबी बाटली दिली असती तर ती तिनं मातीत ओतली असती, असं मला वाटत नाही.

सकाळचं औषध आता मीच देते. अंधारातच पियूला उठवते, ती डोळे मिटून माप पिते आणि ते उलटं करून दाखवते, रिकामं. संघपाल पाण्याचा पेला घेऊन शेजारी उभा असतो. निघताना मी बाटली कपाटात ठेवते, कुलूप लावते आणि किल्ली पर्समध्ये टाकते, त्याच्या समोर.